माबोगुंजे सर आणि आमच्या चाळीतली पत्रे

१९८९ साली मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. लोकसंख्येच्या भूगोलाचा पेपर होता. वाचनालयातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात स्थलांतराच्या प्रकरणात मला पहिल्यांदा ‘माबोगुंजे’ हे नाव दिसले. वाटले, हा आपल्याकडचाच कोणीतरी असणार. गुंजाळ असतात, गुंजकर असतात, मग गुंजेही असतील. मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलेसुद्धा की, बघ, आपल्या मराठी माणसाचा सिद्धांत जगभर शिकवतात. आठ दिवसांनी सरांनी फळ्यावर पूर्ण नाव लिहिले : अकिनलावोन लादिपो माबोगुंजे, इबादान विद्यापीठ, नायजेरिया. मैत्रीण माझ्याकडे बघून हसली आणि मी वहीत मान घातली.

त्या माणसाचा सिद्धांत मात्र मी घरी येऊन दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कारण त्यात आमच्या चाळीतल्या पत्रांची गोष्ट होती.

आधी ती पत्रे सांगते.

आम्ही डिलाईल रोडला दहा बाय बाराच्या खोलीत राहायचो. आप्पा गिरणीत कामाला. १९५५ साली दाभोळच्या खाडीतून बोटीने मुंबईला आलेले. आमच्या मजल्यावर एक ‘गावची खोली’ होती. त्या खोलीत आमच्या वाडीतली वीस-बावीस माणसे राहायची, म्हणजे पाळीपाळीने झोपायची. एकाची रात्रपाळी असली की त्याच्या वळकटीवर दुसरा. निम्म्याहून अधिकांना लिहिता येत नव्हते. मी सातवीत गेले आणि अक्षर बरे म्हणून पत्रे लिहून द्यायचे काम माझ्याकडे आले. रविवारी दुपारी जेवणे झाली की एकेक जण अंतर्देशीय पत्र घेऊन आमच्या उंबऱ्यावर बसे. ‘सप्रेम जय भीम. पत्र लिहिण्यास कारण की...’ इथपर्यंत मी न विचारताच लिहून ठेवत असे. पुढचा मजकूर थोडाफार ठरलेला. मनीऑर्डर पोचली का, गाय व्याली का, भात किती झाले, आणि शेवटी हमखास एखादा प्रश्न येई : धाकट्याला कधी पाठवता? किंवा, यंदा पाठवू नका, जागा नाही.

आता माबोगुंजे सरांकडे वळते. प्रत्यक्ष कधी भेटले नाही, पण ‘सर’ म्हटल्याशिवाय माझ्याने लिहवत नाही.

त्यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९३१ चा, नायजेरियाच्या उत्तरेकडच्या कानो या शहरातला. पण त्यांचे कुटुंब तिथले नव्हे. ते मूळचे दक्षिणेकडच्या इजेबू भागातले, योरुबा भाषा बोलणारे, पोटापाण्यासाठी उत्तरेत गेलेले. लागोस बंदरापासून कानोपर्यंतची रेल्वे १९११-१२ च्या सुमारास पूर्ण झाली. अकराशे किलोमीटरहून अधिक लांबीची ती वाट. त्या वाटेने दक्षिणेतले कारकून, दुकानदार, रेल्वेचे कामगार उत्तरेला गेले. म्हणजे जो माणूस पुढे स्थलांतराचा सिद्धांत सांगणार होता, तो स्वतःच चाकरमान्यांच्या घरात जन्मला होता.

कानो हे जुने तटबंदीचे शहर. बाहेरून आलेल्या दक्षिणेकडच्या लोकांसाठी इंग्रजांनी तटाबाहेर वेगळी वस्ती वसवली, तिचे नाव सबोन गारी. हौसा भाषेत त्याचा अर्थ नवे गाव. ‘तटाबाहेर वस्ती’ हे शब्द वाचले की आपल्या माणसाचे कान टवकारणारच. पण घाईने तुलना करू नये. सबोन गारीत राहणारे लोक शिकलेले होते, व्यापार करणारे होते. त्यांच्या सावलीचा कोणाला विटाळ होत नव्हता. ते परके होते, अस्पृश्य नव्हते. तरी परका असणे हीसुद्धा साधी गोष्ट नाही. १९६६ मध्ये उत्तर नायजेरियात पूर्वेकडून आलेल्या इग्बो लोकांच्या कत्तली झाल्या आणि त्यात ही वस्तीही सुटली नाही. पुढच्याच वर्षी तिथे यादवी युद्ध पेटले, ते १९७० पर्यंत चालले.

त्यांचे माध्यमिक शिक्षण इबादानला झाले. तिथे १९४८ साली एक कॉलेज उघडले, लंडन विद्यापीठाशी जोडलेले. परीक्षा लंडनची, पदवी लंडनची, शिकायचे मात्र इबादानला. त्या कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत माबोगुंजे होते. १९५३ ला पदवी मिळाल्यावर ते पुढे लंडनला गेले आणि १९६१ मध्ये डॉक्टर झाले. प्रबंधाचा विषय लागोस शहर. आपल्या बाबासाहेबांनी लंडनमध्ये बसून भारताच्या रुपयाचा प्रश्न अभ्यासला. या माणसाने लंडनच्या विद्यापीठात आपल्या देशाचे बंदर, तिथली गर्दी, तिथली घरे आणि बाजार अभ्यासले. परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावे असे मला वाटते, पण ते असो. १९५८ पासून ते इबादानमध्येच शिकवू लागले होते. १९६० च्या १ ऑक्टोबरला नायजेरिया स्वतंत्र झाला आणि १९६५ साली ते प्राध्यापक झाले. तोवर भूगोलाच्या त्या खुर्चीवर गोरा माणूसच बसायचा.

त्या काळी आफ्रिकेविषयी एक समज पक्का होता. आफ्रिका म्हणजे जंगल, आफ्रिका म्हणजे झोपड्या, आणि शहरे असलीच तर ती गोऱ्यांनी वसवलेली. आमच्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातही आफ्रिकेच्या पानावर जिराफ आणि भाला घेतलेला माणूस असायचा. माबोगुंजेंनी १९६२ मध्ये योरुबा नगरांवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि १९६८ मध्ये नायजेरियाच्या नागरीकरणावर मोठा ग्रंथ लिहिला. इबादानचेच उदाहरण घ्या. हे शहर १८२९ च्या सुमारास योरुबांच्या आपसातल्या लढायांच्या धामधुमीत सैन्याची छावणी म्हणून सुरू झाले. गोऱ्यांचे राज्य यायच्या कितीतरी आधी ते भरभराटीला आले. १९५२ च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास भरली, राजधानी लागोसपेक्षा जास्त! तरी काही युरोपियन पंडित म्हणायचे की, या शहरातले कित्येक लोक सकाळी उठून शेतावर जातात, म्हणून हे शहर नव्हे, हे फुगलेले खेडे. माबोगुंजेंनी ते मान्य केले नाही. तुमच्या शहराचा साचा तो शहराचा एकमेव साचा नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

शहर उभे राहायला काय लागते, तेही त्यांनी मांडले. शेतकऱ्याने स्वतः खाऊन उरेल इतके पिकवले पाहिजे. ते उरलेले त्याच्याकडून काढून घेईल अशी सत्ता पाहिजे. आणि मालाची ने-आण करणारा व्यापारी पाहिजे. यातल्या दुसऱ्या अटीपाशी मी दरवेळी थांबते. कोकणातल्या आमच्या आजोबांच्या पिढीला ती अट समजावून सांगायची गरज पडली नसती. खोताचा माणूस खळ्यावर येऊन उभा राहायचा तो त्याचसाठी. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, ते हेच काढून घेणे थांबवण्यासाठी.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. रेल्वे आली आणि नकाशा बदलला. जी जुनी नगरे रुळांच्या वाटेवर आली ती वाढली, ज्यांना रूळ चुकवून गेले ती ओस पडू लागली. साहेबाने रूळ टाकले ते कोको, भुईमूग, कथील बंदरापर्यंत नेण्यासाठी. कोणते गाव जगेल आणि कोणते मरेल याचा विचार त्यात नव्हता.

आता तो १९७० चा लेख, ज्यामुळे मी ही सगळी कहाणी सांगत बसले आहे.

तोपर्यंत विद्वान मंडळी स्थलांतर समजावून सांगताना दोनच शब्द वापरायची : ढकलणे आणि ओढणे. खेडे गरिबीने माणसाला ढकलते, शहर पगाराने ओढते. जसे काही माणूस म्हणजे लोखंडाचा कीस आणि मुंबई म्हणजे लोहचुंबक! माबोगुंजे म्हणाले, एवढ्याने भागत नाही. ढकलणेच खरे असते तर माणसे चारी दिशांना कशीही विखुरली असती. प्रत्यक्षात एका खेड्यातली माणसे एकाच शहरात, एकाच गल्लीत जाऊन राहतात. असे का होते? तर गेलेला माणूस परत निरोप पाठवतो. निरोप चांगला असला तर त्याच वाटेने दुसरा निघतो, मग तिसरा. निरोप वाईट असला तर वाट रोडावते. पाठ्यपुस्तकात याला ‘प्रत्याभरण’ असा बोजड शब्द आहे. मी माझ्या वर्गात त्याला ‘परतीचा निरोप’ म्हणत असे आणि मुलांना ते लगेच कळे.

माणूस निघण्याआधी गावाकडे त्याच्यावर कोणाचा तरी ताबा असतो, असेही त्यांनी लिहिले. घरातले वडीलधारे ठरवतात कोणी जायचे आणि कोणी राहायचे. जमिनीची वाटणी कशी होते यावर ते अवलंबून असते. शहरातही ताबा असतोच : काम देणारे, खोली देणारे, ओळख देणारे. या दोहोंच्या मधून माणूस हळूहळू खेडूताचा शहरी होतो. तो गेल्यामुळे मागे राहिलेले गावही पहिल्यासारखे राहत नाही. हे सगळे एकमेकांत गुंतलेले यंत्र आहे, एक चाक हलले की बाकीची हलतात.

हे वाचले तेव्हा मला आमची गावची खोली दिसली. आमच्या वाडीतला एकही माणूस सुरतेला गेला नाही की पुण्याला गेला नाही. सगळे डिलाईल रोडला. का? तर सगळ्यांत आधी आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मस्टरवरच्या कोणाशी तरी सूत जमवले होते आणि तसे पत्र धाडले होते. पुढच्या तीस वर्षांत वाडीतल्या प्रत्येक घरातला एक तरी पुरुष त्या एका पत्राच्या वाटेने आला.

हे जगातल्या कोणा मोठ्या पंडिताने न सांगता कानोत जन्मलेल्या, चाकरमान्यांच्या पोराने सांगितले, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. आता वाटत नाही. त्यालाच ते दिसणार होते.

पण वाचकहो, एके ठिकाणी माझे त्यांच्याशी पटत नाही. तेही लिहिलेच पाहिजे.

माबोगुंजे सरांच्या आकृतीत गावाचा जो ताबा आहे तो आपल्या माणसांचा आहे. घरची शेती आहे, वडिलोपार्जित वाटा आहे, गावची पंचमंडळी आपलीच आहेत. गाव सोडताना माणसाला काहीतरी मागे ठेवून जायचे असते. आमच्या आजोबांनी मागे काय ठेवले? सांगावा घेऊन गावोगाव पळणे, मेलेले ढोर ओढणे, दारोदार भाकरी मागणे, आणि त्याच्या बदल्यात वतनाचा एक खडकाळ तुकडा. वतनातून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक मांडले. प्रत्यक्षात ती वतने कायद्याने गेली १९५९ साली. तोवर आप्पा मुंबईत येऊन चार वर्षे झाली होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे परखड बोल सुनावले ते आपल्या घराघरांत माहीत आहेत. आपल्या माणसाला शहर ओढत होते ते केवळ पगारासाठी नाही. तिथे नळावर नंबर लावला की पाणी मिळत होते. भांडण होई ते नंबरावरून, जातीवरून कमी वेळा. मी ‘कमी वेळा’ म्हणते आहे, ‘कधीच नाही’ म्हणत नाही.

तेव्हा त्यांच्या आकृतीत आपल्यासाठी एक चौकोन वाढवायला हवा होता असे मला वाटते. गाव वेगळे आणि वाडी वेगळी. आमचे नाते गावाशी नव्हते, वाडीशी होते. आणि ते नाते मात्र अगदी माबोगुंजे सांगतात तसेच घट्ट होते. आमच्या वाडीच्या मंडळाची मुंबई शाखा होती. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठक, वर्गणी दोन रुपये, न देणाऱ्याचे नाव वहीत लाल शाईने. त्या दोन-दोन रुपयांतून वाडीत विहीर झाली, विहार झाले, मुलांना वह्या गेल्या. लागोस आणि इबादानला राहणारे इजेबूचे लोकही अगदी असेच करायचे. आपापल्या गावाचे संघ काढायचे, वर्गणी जमवून गावी शाळा बांधायचे. दोन समुद्रांच्या दोन टोकांना, एकमेकांचे नावही न ऐकलेली माणसे एकच वही लिहीत होती.

लेख प्रसिद्ध झाला त्याच्या आदल्या वर्षी, १९६९ च्या नोव्हेंबरात, घाना सरकारने परक्या लोकांना देश सोडून जायचा हुकूम काढला होता. त्यात कितीतरी योरुबा व्यापारी आणि मजूर होते, तिथे पिढ्या काढलेले. १९७२ मध्ये माबोगुंजेंनी पश्चिम आफ्रिकेतल्या स्थलांतरावर पुस्तक लिहिले. बाहेरून आलेला माणूस नुसता खायला येत नाही, तो कसब आणतो, व्यापार आणतो, देशाची संपत्ती वाढवतो, अशी त्यांची मांडणी. पुढे १९८३ मध्ये त्यांच्याच देशाने, नायजेरियाने, घानाच्या लाखो लोकांना हाकलून दिले. ज्या चौकटीच्या स्वस्त प्लॅस्टिक पिशव्यांतून त्या लोकांनी आपला संसार नेला, त्या पिशव्यांना तिकडे ‘घाना मस्ट गो’ असेच नाव पडले. तशीच पिशवी आपल्याकडेही एस.टी. स्टँडवर प्रत्येकाच्या हातात असते. आपल्याकडे तिला काही नाव नाही.

पुढे त्यांना मान पुष्कळ मिळाला. १९८० ते १९८४ ते आंतरराष्ट्रीय भूगोल संघाचे अध्यक्ष होते. या पदावर बसलेले ते पहिले आफ्रिकन. (त्याआधी १९६४ ते १९६८ या काळात कलकत्त्याचे शिबाप्रसाद चटर्जी हे आपले भारतीय गृहस्थ त्या पदावर होते, हेही सांगून ठेवते.) १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. २०१७ मध्ये व्होत्रँ लुद पुरस्कार मिळाला, त्याला भूगोलाचे नोबेल म्हणतात.

मला मात्र त्यांच्या मानसन्मानापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस आहे. १९८१ मध्ये, पन्नाशीत, त्यांनी विद्यापीठ सोडले. नंतर सरकारच्या कामांत ते पडले. नायजेरियाची राजधानी लागोसहून अबुजाला न्यायचे ठरले तेव्हा त्या नव्या प्रदेशाच्या पाहणीचे काम त्यांनी आधीच केले होते. १९८६ मध्ये खेड्यांत रस्ते, पाणी, अन्नधान्य पोचवण्यासाठी सरकारने जे संचालनालय काढले त्यात ते होते. गावोगावच्या लोकांच्या छोट्या बँका, सामुदायिक बँका म्हणा, उभ्या करण्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय मंडळाचे ते प्रमुख झाले. ही सगळी सरकारे लष्कराची होती. घटनेवर श्रद्धा असलेल्या घरात वाढल्यामुळे मला हे खटकते. लष्कराच्या राज्यात विद्वानाने काम करावे की नाही, यावर त्यांच्या देशातही दोन मते असणारच. शिवाय त्या बँकांतल्या कित्येक बुडाल्या, उरलेल्यांना २००५ नंतर दुसरे रूप घ्यावे लागले. चांगला विचार वरून खाली ढकलला की त्याचे काय होते, ते ‘ढकलणे-ओढणे’ न मानणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवे होते, असे मी थोडे रागाने म्हणेन.

आणि मग उतारवयात ते कुठे वळले? ज्या इजेबू-ओडे गावाशी त्यांच्या कुटुंबाचे नाते होते, तिथे. १९९९ मध्ये तिथल्या लोकांनी गरिबी हटवण्यासाठी आपले एक मंडळ स्थापन केले, त्याच्या मुळाशी माबोगुंजे होते. या वेळी वरून काही नाही. शहराबाहेर नोकरीधंद्याला गेलेल्यांकडून पैसा, गावातल्या सहकारी गटांना कर्ज, एरिवे या ठिकाणी मासे पाळायची तळी. एका मोठ्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञासह, रॉबर्ट केट्स यांच्यासह, त्यांनी त्याचा वृत्तांतही लिहिला. जगाच्या भूगोल संघाचा माजी अध्यक्ष माशांच्या तळ्यांचा हिशेब करत बसला होता! ४ ऑगस्ट २०२२ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले. वर्तमानपत्रात आपल्याकडे चार ओळीसुद्धा मी पाहिल्या नाहीत.

आप्पा गावी परत गेले नाहीत. गिरणी गेली तेव्हा लोक म्हणाले, आता गावी जा, निदान घर आहे. आप्पा म्हणाले, “गाव बघायला जायचं, राहायला नाय.” त्यांनी एका इमारतीवर रखवालदारी केली आणि मुंबईतच डोळे मिटले.

आता जे सांगायचे आहे ते मी आजवर कुठे लिहिलेले नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. मी तेव्हा नववीत होते. पहिले दोन महिने चाळीत उत्साह होता, मग हळूहळू चुली गार पडू लागल्या. जूनमध्ये एका रविवारी आप्पांनी वाडीला पत्र लिहायला सांगितले : “संप मिटण्याचं चिन्ह नाय. यंदा कोणी येऊ नका. पोरांना तिकडंच लावणीच्या कामाला ठेवा.” मी लिहिले, पत्ता लिहिला, डिंक लावला.

त्याच दुपारी शेजारचे तात्या आले. त्यांच्या धाकट्या भावाने विचारले होते, येऊ का म्हणून. तात्या सांगू लागले, “लिही. इकडं सर्व क्षेम आहे. संप मिटल्यात जमा. मालक नमलेत. गणपतीच्या आत गिरणी चालू होतीय, आपला वशिला लागलाय. तू ये.” मी हात थांबवून त्यांच्याकडे पाहिले. आदल्याच आठवड्यात काकींनी पितळेचा हंडा आणि दोन पराती मोडीत घातल्या होत्या, हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होते. तात्या माझ्याकडे बघत नव्हते. ते जिन्याकडे बघत होते. मोठ्या भावाने धाकट्याला ‘मी हरलो’ असे कसे कळवायचे? की त्यांना ते खरेच वाटत होते? मला अजून ठरवता आलेले नाही. मी त्यांनी सांगितले तसे लिहिले.

म्हणजे एकाच आठवड्यात वाडीत दोन पत्रे पोचली. एकात येऊ नका, एकात ये. दोन्हींतले अक्षर माझे.

भाऊ आपल्या भावाच्या पत्रावर विश्वास ठेवून ऑगस्टमध्ये आला. पत्र्याची ट्रंक घेऊन. गिरणी चालू झाली नाही. तो मार्केटात पाट्या उचलू लागला, पुढे तेच त्याचे काम झाले. पाठीला कुबड आले. लग्न झाले, मुले झाली, तो मुंबईतच राहिला. आम्ही त्याला नाना म्हणायचो. मला भेटला की नेहमी आपुलकीने ‘बाई’ म्हणून हाक मारायचा, कारण मी शिक्षिका झाले होते.

एम.ए.ला माबोगुंजेंच्या लेखातली ती ‘परतीच्या निरोपा’ची आकृती मी परीक्षेत काढली, बाण काढले, सगळे बरोबर आले, गुण चांगले मिळाले. निरोप खोटा असला तर काय, असे कोणी विचारले नव्हते.

मागच्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा चाळीतल्या जुन्या मंडळींनी छोटा समारंभ केला. नाना आले होते, काठी टेकत. जाताना त्यांनी खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, “बाई, तुमचं पयलं अक्षर. ट्रंकंत व्हतं. भावाचं म्हणून ठेवलं व्हतं, आता तुमी ठेवा.” आत ते अंतर्देशीय पत्र होते, घड्यांवर झिजून चार तुकडे झालेले.

घरी येऊन मी ते टेबलावर जुळवून ठेवले. सर्व क्षेम आहे, संप मिटल्यात जमा. सगळे जसेच्या तसे. मी शोधत होते ती ओळ मात्र वेगळी होती. त्या दुपारी तात्या उठून गेल्यावर, डिंक लावायच्या आधी, मी आतल्या दुमडीवर अगदी बारीक अक्षरात स्वतःहून लिहिले होते : ‘काकींनी हंडा विकला. आप्पांचे पत्र वाचा.’ ते कोणाला कधी सांगितले नव्हते.

ती दुमड तिथे नव्हती. वाडीत ज्याने कोणी ते पत्र फोडले, त्याने डिंकाची कड घाईने फाडली होती, आणि तेवढी पट्टी गेली होती.